रिकामं परत आणायचं जहाज

ह्या गोष्टीबद्दल लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कापसाबद्दल लिहून उठलो. कापसाबद्दल लिहिणं मला सोपं जातं. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये मी एकतीस वर्षं गाठी रवाना करायचं काम केलं. कुठला ट्रक कुठे अडकला, कुठल्या पावसात कुणाची ताडपत्री फाटली, सगळं अजून आठवतं. जे सांगायचं होतं ते मात्र एका दुपारचं आहे, जेमतेम दोन तासांचं. ते मला आणि माझ्या बायकोला माहीत आहे. जिला माहीत असायला हवं तिला नाही.

आमची मुलगी लग्नानंतर चार वर्षांनी जळगावला परत आली. पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिच्या सासरी एक वाक्य रोज बोललं जाई: तुझ्यावर काही सोपवायची सोय नाही. दूध उतू गेलं तरी तेच आणि कपाटाची चावी सापडली नाही तरी तेच. ही रसायनशास्त्र शिकलेली, कॉलेजची प्रयोगशाळा एकटीने सांभाळलेली मुलगी. पण जळगावात मेहरूणच्या आमच्या घरी आली तेव्हा पाण्याची मोटर बंद केली की नाही हे बघायला ती तीन-तीनदा जिना उतरायची. मी म्हणायचो, "अगं, मी ऐकलं ना बंद झाल्याचं." ती म्हणायची, "तुम्ही ऐकलं, मी नाही." आणि पुन्हा खाली.

काही महिने ती खोलीबाहेर फारशी आलीच नाही. मग तिने आपला जुना कॉम्प्युटर काढला आणि त्यावर एक खेळ सुरू केला. अवकाशात व्यापार करायचा खेळ. सुरुवातीला एक टीचभर जहाज मिळतं. एका ठिकाणी माल घ्यायचा, दुसरीकडे विकायचा, पैसे जमले की मोठं जहाज घ्यायचं. मला रागच आला होता. बायको धुळ्याकडची, चिडली की माहेरच्या अहिराणीत बोलते. दिवसभर काय बघतेस म्हणून दारात उभी राहून ती विचारायची, "बठ्ठा दिन त्या डबामा काय देखस व माय?"

"आई, मरतेय मी."

"काय?"

"खेळात गं."

मी त्या खोलीत गेलो तो खेळासाठी नव्हे. मे महिना होता आणि घरातला एकुलता चालू कूलर तिच्या खोलीत होता. "बसा नाना, पण बोलू नका," ती म्हणाली. पडद्यावर काळोख होता आणि मधोमध एक मोठं चाक फिरत होतं. ते चाक म्हणजे तळ. त्याच्या पोटात एक फट होती आणि जहाज त्या फटीतून आत न्यायचं होतं.

"ब्रेक दाब," मी म्हणालो.

"ब्रेक नसतो तिथे. उलटं इंजिन लावावं लागतं."

"मग लाव ना!"

"लावलंय. तुम्ही बोलू नका ना, नाना!"

जहाज फटीच्या बाजूला आपटलं आणि त्याचा चुरा झाला. तिने शेजारच्या वहीत एक आडवी रेघ मारली. ते सातवं जहाज होतं.

हा खेळ नवख्या माणसावर दया दाखवत नाही. जहाज गेलं की सगळंच जातं, कारण पैसेही जहाजातच असतात. त्या खेळात बँक नाही. पुन्हा तेच टीचभर जहाज घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. तिची दोन जहाजं इंधन संपून काळोखात तरंगत राहिली. एक लुटारूंनी फोडलं. एक तर तिने तळावर न लावता, बाहेर मोकळ्यावरच ठेवून खेळ बंद केला. आपण नसलो तरी तिथली दुनिया चालू असते. ती जेवून येईपर्यंत जहाज नाहीसं झालेलं होतं. त्या दिवशी तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आधी तळावर लावायचं, मग बंद करायचं."

कूलरसाठी गेलो होतो तो मी पुढे बाजारभाव बघायला बसू लागलो. कुठल्या तळावर काय स्वस्त आणि काय महाग, हे जिनिंगच्या एका कोऱ्या राहिलेल्या डायरीत मी टिपू लागलो. तिचे हात, माझी डायरी. धान्य, औषधं, यंत्रांचे भाग. "नाना, पाणी शुद्ध करायची यंत्रं कुठे महाग होती?" असं तिने विचारलं की पान उलटून उत्तर देताना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपल्याला कुणीतरी कामावर घेतल्यासारखं वाटायचं.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. माझ्या धंद्यात गाडी रिकामी परत आली की ती रवाना करणाऱ्याची नाचक्की. गाठी घेऊन गुजरातेत गेलेला ट्रक येताना मीठ आणेल, फरशी आणेल, काहीही आणेल, पण मोकळा येणार नाही. त्यासाठी मी तासन्‌तास फोनवर बसलेलो आहे. आणि ही मुलगी माल विकून मोठंच्या मोठं जहाज मोकळं घेऊन परत निघायची. मला बघवायचं नाही.

"अगं, येताना काहीतरी भर. फुकट का आणतेस?"

"नाना, हा ट्रक नाही. भरलं की जहाज जड होतं, वळत नाही, पळत नाही. आणि लुटारूंना लांबून कळतं पोटात माल आहे म्हणून. रिकाम्याला ते हात लावत नाहीत."

"म्हणून मोकळं आणायचं?"

"जिवंत आणायचं. आधी जिवंत राहायला शिकू, मग मीठ भरू."

अकरा जहाजं गेली. बारावं टिकलं. ते पावसाळा संपून दिवाळी झाली तरी टिकलं. तिने त्याला नाव दिलं नाही, "आपलं बारावं" एवढंच म्हणायची. जिथे माल घेणं धोक्याचं तिथे घ्यायचा नाही, परतीचं इंधन आधी बाजूला काढायचं, शंका आली की वळून यायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. त्याच दिवसांत एकदा माझ्या लक्षात आलं की मोटर बंद केल्यावर ती सरळ वर येते. पुन्हा खाली जात नाही. बायकोनेही ते पाहिलं होतं. आम्ही एकमेकांना काही बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

मग धुळ्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. हायवेवरच्या एका औषधांच्या गोदामाला प्रमुख हवा होता. येणारा-जाणारा सगळा माल, थंड खोलीतली औषधं, हाताखाली माणसं, सगळं त्या एकाच्या जबाबदारीवर. अर्ज तिने आम्हाला न सांगता केला होता. आदल्या दिवशी तिने बारावं जहाज अगदी टोकाच्या एका तळावर नेलं, माल विकला, जहाज नीट आत लावलं आणि खेळ बंद केला. मी शेजारीच होतो. सकाळी पायात चप्पल घालता घालता हसत म्हणाली, "परत रिकामंच आणायचंय. मी येईपर्यंत मीठ भरू नका हं, नाना."

दुपारी जेवण झाल्यावर मी कॉम्प्युटर लावला. खरं सांगतो, फक्त भाव टिपायला लावला. आणि त्या टोकाच्या तळावर यंत्रांचे भाग इतके स्वस्त होते, की माझी एकतीस वर्षं जागी झाली. जहाज मोकळं, माल स्वस्त, आणि आमच्या नेहमीच्या तळावर त्याला दुप्पट भाव. डायरीत लिहून ठेवला होता मी. ती धुळ्याहून येईल आणि जहाज घरी भरलेलं उभं असेल, तिला किती आनंद होईल, असा विचार मी केला. निदान तेव्हा मला तसं वाटलं. आज वाटतं, तिचा आनंद नंतरचा होता. आधी मला तिला दाखवून द्यायचं होतं की ह्यातलं मला जास्त कळतं.

होते नव्हते ते सगळे पैसे घालून मी जहाज ठासून भरलं. तळावरून बाहेर काढलं, तेही जमलं. अर्ध्या वाटेवर मागे दोन लाल ठिपके दिसले. वळवायला गेलो तर जहाज ओल्या गाठीसारखं जड. मी सगळ्या कळा दाबल्या. दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग पडदा काळा झाला आणि पहिल्या तळावर ते टीचभर जहाज उभं राहिलं.

मी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशीचे भाव लिहिलेलं पान डायरीतून फाडलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. खुर्ची होती तशी आत सरकवली.

ती संध्याकाळी आली ती पेढे घेऊनच. "नाना, घेतलं त्यांनी मला! येणार का ते सोमवारी कळवा म्हणालेत, पण मी जाणारच." आईच्या तोंडात पेढा घातला, माझ्या तोंडात घातला, आणि बाराव्यालाही सांगते म्हणून खोलीत गेली. कॉम्प्युटर लावल्याचा आवाज आला. मग दारात येऊन उभी राहिली.

"नाना, तुम्ही उघडलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी जेवून झोपलो होतो."

"तळावर लावलं होतं ना मी काल? तुम्ही होता."

मी बघितलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"की तसंच बाहेर सोडून बंद केलं? मुलाखतीचंच डोक्यात होतं. तसंच झालं असणार."

"असेल," मी म्हणालो.

हा एकच शब्द. नाही म्हणालो ते भीतीने, तेवढं मी स्वतःला एखाद वेळी माफ करीन. असेल म्हणालो त्याला मात्र माफी नाही. तिच्या सासरचे चार वर्षं जे ओरडून सांगत होते, त्यावर मी हळू आवाजात सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटर बंद करून वर आली, आणि पुन्हा खाली गेली. बायको ओट्यापाशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल दुपारले तुम्हीन बसेल व्हतात त्या डबापाशी. माले आवाज येत व्हता." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पोरले सांगी टाका," ती म्हणाली. "कितली कुढी राह्यनी शे ती."

सोमवारच्या आधी सांगायचं असं मी ठरवलं. सोमवारी ती फोनपाशी बसली तेव्हा मी व्हरांड्यात पेपर धरून उभा होतो. आतून तिचा आवाज ऐकू आला. "नाही सर, घरची अडचण नाही. मलाच वाटतं की एवढी जबाबदारी मला झेपणार नाही." फोन ठेवून ती बाहेर आली, आणि माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "साधं जहाज सांभाळता आलं नाही नाना मला. उद्या थंड खोलीचं दार उघडं राहिलं माझ्याकडून, तर माणसांचा प्रश्न आहे."

तेव्हाही मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुन्हा फोन लावता आला असता.

तो खेळ तिने परत लावला नाही. दोनेक वर्षांनी धुळ्यातच एका कार्यालयात लागली. दुसऱ्याने तयार केलेली कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायची आणि ती तिसरा तपासतो. तिने मुद्दाम तसंच काम शोधलं. तिथल्याच देवपूर भागात खोली घेऊन राहते. तिचं वाईट चाललंय असं नाही. मैत्रिणी आहेत, सुट्टीत फिरायला जाते. पण बाहेर पडताना ती गॅसच्या बटणाचा मोबाइलवर फोटो काढते, रस्त्यात शंका आली तर बघता यावा म्हणून. मला तिने हसत हसत दाखवले होते ते. शेकडो फोटो, सगळे एकसारखे.

गेल्या महिन्यात मी ते फाडलेलं पान घेऊन धुळ्याला गेलो. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मनात वाक्यं जुळवली. तिने शेवभाजी केली होती, मला झेपेल इतकीच तिखट. जेवलो. ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करून तिने मला खूप हसवलं. मग ती मला स्टँडवर सोडायला निघाली. तिने कुलूप हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नाना, काही बोलायचं होतं का तुम्हाला? आल्यापासून खिसा चाचपताय."

पान बोटांत आलं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "गॅस बघितलास ना?"

तिचा चेहरा क्षणभर बदलला. मोबाइल काढून तिने फोटो बघितला, आणि तरीही आत जाऊन आली.

परतीच्या बसमध्ये सगळी वाक्यं पुन्हा आठवली. त्यांतली बरीचशी माझ्या बाजूची होती, ती गाळली. जी उरली ती इथे लिहितो, कारण तिच्यासमोर उभं राहून माझ्या तोंडातून ती निघत नाहीत.

बाई, तू जहाज तळावर नीट लावून गेली होतीस. मी शेजारी बसून बघितलं होतं. ते मी बाहेर काढलं, मी भरलं आणि मी घालवलं. तुझ्याकडून काहीही उघडं राहिलं नव्हतं.