‘काढून टाका’ म्हणजे नक्की काय

“भाऊ, माही वेबसाइट कुठं गेली?”

फोनवर शेंदूरजनाघाटच्या वंदनाताई होत्या. संत्र्याच्या व्यापारी. बाहेरगावचे खरेदीदार त्यांच्या वेबसाइटच्या ईमेलवर ऑर्डर पाठवतात. ऐन हंगाम, आणि साइट उघडत नव्हती. मेलही बंद.

अमरावतीत आमची छोटी कंपनी लोकांची डोमेन सांभाळते. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते नोंदवायचं, मुदतीआधी रिन्यू करायचं, त्याला ईमेल जोडून द्यायचा, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही नुकताच एक एआय एजंट लावला होता. क्लायंटचा मेसेज वाचून तो काम करतो. प्रत्येक कामासाठी त्याला एकेक टूल दिलेलं असतं आणि कुठलं कधी वापरायचं, हे तो टूलच्या वर्णनावरून ठरवतो. ती वर्णनं मी लिहिली होती. सगळी मिळून वीस मिनिटांत.

मी लॉग, म्हणजे एजंटच्या कामांची नोंद, उघडला. ताईंचा मेसेज होता, ‘भाऊ, रोपवाटिकेसाठी डोमेन काढून टाका. अर्जंट.’

ताईंनी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका सुरू केली होती. तिच्यासाठी नवीन डोमेन हवं होतं. दाखला काढतो, पासबुक काढतो, तसं डोमेन काढायचं होतं. एजंटने त्यांचं खातं पाहिलं. त्यात एकच डोमेन, व्यापाराचं. मग टूल्स पाहिली. एकाचं वर्णन होतं, ‘डोमेन काढण्यासाठी.’ ते डिलीटचं टूल होतं. त्याने काढून टाकलं. अर्जंट.

माझी सहकारी मृणाल मागे उभी राहून वाचत होती. “सर, याला बोलून उपयोग नाही,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलं तेच त्यानं केलं.”

डिलीट झालेलं नाव लगेच दुसऱ्याला मिळत नाही, काही दिवस जुन्या मालकासाठी राखून ठेवतात, एवढाच आधार होता. आम्ही ज्या मोठ्या कंपनीमार्फत नावं नोंदवतो, तिला मी फोन लावला, अर्ज पाठवला. मग ताईंना सगळं खरं सांगितलं.

“म्हणजे मशीननं माहं दुकान उचलून फेकलं?”

“मशीनला मीच चुकीचं सांगितलं होतं, ताई. नाव परत मिळेल. तोवर खरेदीदारांना मी स्वतः फोन करतो. यादी पाठवा.”

“पाठवतो. पण तुमीच बोला हं त्याहिच्याशी. मले लाज वाटून राहिली.”

सात जणांना फोन केले. संध्याकाळी नाव परत मिळालं, दुसऱ्या दिवशी दुपारी मेल सुरू झाले. एक ऑर्डर मात्र दुसरीकडे गेली. ताईंनी त्यावरून मला चांगलंच ऐकवलं, आणि ते बरोबरच होतं.

मग मी आणि मृणालने एकेक वर्णन नव्याने लिहिलं. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, केलेलं परत फिरवता येतं का. डिलीटच्या टूलमध्ये लिहिलं, ‘असलेलं डोमेन कायमचं बंद होतं. वेबसाइट आणि ईमेलही बंद पडतात. आधी मालकाला डोमेनचं नाव सांगून विचारा. स्पष्ट हो आल्याशिवाय वापरू नका.’

ते मी ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी मला मधेच अडवलं.

“‘बंद’ काहून लिहिलं? हंगाम संपला का मी तुमाले म्हणतो ना, साइट बंद करा. म्हणजे ‘माल संपला’ अशी पाटी लावा. तवा बी पुसून टाकन का तो?”

आम्ही लगेच ‘बंद होतं’ खोडून ‘पुसलं जातं’ लिहिलं. पाटी लावण्यासाठी वेगळं टूल केलं.

पुढच्याच आठवड्यात अकोल्याच्या एका वकीलसाहेबांचा मेसेज आला, ‘आमचं जुनं डोमेन काढा.’ एजंटने विचारलं, ‘नवीन घ्यायचं आहे की असलेलं कायमचं पुसायचं आहे?’

साहेबांचा मला फोन आला. चिडले होते. “अहो, यातलं काहीच नाही! ते कोणाच्या नावावर आहे ते शोधून काढा, एवढंच म्हणून राहिलो मी.”

तिसरा अर्थ आम्हाला सुचलाच नव्हता. पण एजंटने विचारलं, म्हणून साहेबांचं डोमेन जागेवर होतं. आता आमच्या ऑफिसात टूलच्या वर्णनात ‘काढणे’ लिहायला बंदी आहे.