राहून गेलेल्या टाळ्या

कोठी भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तेव्हा नुकताच केबल टीव्ही आला होता. माझ्या हातातलं मराठी मासिक पाहून शेजारचे काका आपण होऊन बोलायला लागले. मोतीबिंदूमुळे ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला, तेव्हाची फिल्म चालू होती.

कंपाउंडरने त्यांचा नंबर पुकारला.

"ठैरो मियाँ, इनको उतरने दो," काका म्हणाले.

यान उतरलं. अमेरिकेतल्या नियंत्रण कक्षात जल्लोष झाला, तशा काकांनीही जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळे वळून बघायला लागले.

"मी होतो की तिथं, मागच्या खोलीत," ते मला म्हणाले. "एका यंत्राच्या काट्यावरची नजर हलवायची नाही, एवढीच नोकरी. टाळ्या ऐकल्या, पण वाजवायच्या राहून गेल्या बघा."

खरं की थाप, मला कळेना. काकांचे डोळे मात्र भरून आले होते. मग मीही टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडच्या तेलुगू आजींनी काही न विचारता साथ दिली.