झोपलेल्यांच्या शेजारची खोली

गुजरातमधल्या कडोदऱ्याच्या त्या चाळीतली शेवटची खोली कायम रिकामी का पडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या मोठ्या खोलीत रात्रपाळीचे बारा कारीगर दिवसभर झोपायचे आणि मधली भिंत होती पत्र्याची. इकडे वाटी पडली की तिकडे बारा जणांची झोपमोड आणि मग शिव्यांची लाखोली. म्हणून घरमालक भाईदास ती खोली निम्म्या भाड्यात द्यायचा आणि अट एकच घालायचा, दिवसा आवाज नको. लोक हसत राहायला यायचे आणि पंधरा दिवसांत भांडून जायचे. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला नुसती झोप होती, आणि तीही सावध.

धम्मरत्नने ती खोली तीन वर्षांसाठी घेतली. बायकोला, प्रज्ञाला, वकिलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात.

"आपल्याले आवाजाचं काय काम हाय, माय?" तो आईला, रंभाबाईंना म्हणाला.

खरंच नव्हतं. सतरा वर्षं त्याने कापड विणायच्या लूमवर काढली होती. खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, शंभर मशीनं एकदम धडधडतात तेव्हा देवाने दिलेला गळा कवडीमोल होतो. कारीगर तिथे नुसते ओठ हलवतात आणि हाताने खुणा करतात. धागा तुटला, चहा आला, मास्तर येतोय, सगळं काही न बोलता. तीच भाषा धम्मरत्नने घरी आणली. रंभाबाई आठ दिवसांत शिकल्या. प्रज्ञा तर इतकी तरबेज झाली की तिचे ओठ वाचताना त्याला वाटे, खात्यातल्या जुन्या कारीगरांनी हिच्याकडून धडे घ्यावेत.

काटकसर म्हणाल तर त्या घराने तिला नुसतं पाळलं नाही, लाडाने वाढवलं. कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या दोरीने बांधून पुस्तकांचं कपाट झालं. डाग पडून बाद झालेल्या कापडाचे पडदे झाले, उशीचे अभ्रे झाले, रंभाबाईंची पिशवी झाली. भाजी बाजार उठताना आणायची, मग जे उरलं असेल त्यालाच सगळ्यांनी आवडीची भाजी म्हणायचं. टीव्ही विकला, कारण मुका टीव्ही पाहण्यात कसली मजा? दात कोरून पोट भरत नाही हे रंभाबाईंना कळत होतं. पण कोरायला दात तरी आहेत ना, असं त्या खुणेने सांगायच्या आणि आवाज न करता पोट धरून हसायच्या.

दुपारी प्रज्ञा कॉलेजातून परते. तोवर रात्रपाळीचा धम्मरत्न झोपून उठलेला असे. पत्र्याच्या भोकांतून उन्हाची नाणी जमिनीवर पडत आणि सावकाश सरकत. हवेत कापसाची तूस तरंगे. तिघं त्या उजेडात अलगद वावरत, पातेली अशी ठेवत की जणू पातेल्यांनाही झोप लागली आहे. मग प्रज्ञा त्याच्यासमोर बसून नेमून दिलेला खटला चालवी, नुसत्या ओठांनी. धम्मरत्न मांडी घालून कोर्ट होई. गुजराती ओठ, मराठी ओठ, त्याला दोन्ही वाचता येत. पलीकडे बारा जण घोरत असत आणि इकडे न्याय चाललेला असे. हे घर जमिनीवर नसून कुठल्याशा संथ तळ्याच्या तळाशी आहे, असं त्याला वाटायचं. तो सुखात होता.

फक्त एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत फटाके नुसते फुलताना दिसले, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. खात्यात कुणाच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता आणि घर तर मुकंच होतं. संध्याकाळी ते बारा जण निघाले की बोलायची मोकळीक असे, पण त्यांच्याबरोबर तोही निघालेला असे. सांगितलं असतं तर प्रज्ञाने दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून कुठेतरी नोकरी धरली असती. वेडाच म्हणायचा! पण या वेड्याची इच्छा मात्र एकच होती. जो काही कान उरलाय तो पुरता जाण्याआधी प्रज्ञाला भर कोर्टात, मोकळ्या आवाजात बोलताना एकदा ऐकायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती उधन्याच्या जुन्या घराच्या गच्चीवरून हाक मारायची, तो आवाज त्याने जपून ठेवला होता. तीन वर्षांत त्यात नवी भर पडली नव्हती.

शेवटच्या वर्षी अभिरूप न्यायालयाची परीक्षा होती. कॉलेजच्या हॉलमध्ये कोर्ट मांडायचं, न्यायाधीशाच्या खुर्चीत बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम आणि मागच्या बाकांवर घरच्यांना बसायची परवानगी. यात नापास म्हणजे आणखी एक वर्ष. धम्मरत्नने आदल्या रात्रीचा खाडा केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रंभाबाईंना घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

प्रज्ञा उठली. मागून आणलेला काळा कोट तिला खांद्यात सैल होता. तिने मान लववली आणि सुरुवात केली.

आणि काय सांगावं, धम्मरत्नला सगळं ऐकू आलं! नामदार कोर्ट, या कामगाराचं बोट मशीनमध्ये गेलं, मालक म्हणतो हजेरीपटावर याचं नावच नाही. पण नाव नसलं तरी बोट तर याचंच होतं. एकेक शब्द स्वच्छ, टपोरा, गच्चीवरून यायचा तसा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उगाच घाबरलो, तो मनाशी म्हणाला, कान शाबूत आहेत माझे.

तेवढ्यात त्याला परीक्षक मॅडम दिसल्या. त्या कानामागे हात धरून पुढे वाकल्या होत्या. त्यांच्या हातातलं पेन थांबलेलं होतं. पुढच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघत होती. शेजारी रंभाबाईंनी पदर तोंडावर दाबला होता.

धम्मरत्नने पुन्हा प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञा आवाजच काढत नव्हती. शेकडो दुपारी जसा केला तसाच खटला ती चालवत होती, नुसत्या ओठांनी, आणि घाबरल्यामुळे तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिची नजर त्याच्यावर खिळली होती, घरी असायची तशी, आणि तो मान डोलावत होता. गच्चीवरचा आवाज त्याने स्वतःच घातला होता.

त्याने हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला. आवाज काढ, याला खात्यात खूणच नाही. तिथे कोण कुणाला आवाज मागणार?

तो उभा राहिला आणि छातीचा भाता फुटेस्तोवर ओरडला, "प्रज्ञा! आवाज दे!"

आपण केवढ्याने ओरडलो हे त्याला कळलं नाही. अख्खा हॉल दचकून मागे वळला, शिपाई धावत आला आणि धम्मरत्नचा दंड धरून त्याला दारापर्यंत घेऊन गेला. प्रज्ञाने गळ्यावर हात ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. तिने मॅडमना हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शिपायाच्या हातात दंड तसाच ठेवून धम्मरत्न दारातून बघत राहिला. मॅडमचा कानामागचा हात खाली आला. पेन चालू लागलं. पोरं मागे टेकून बसली आणि रंभाबाई हसऱ्या तोंडाने रडायला लागल्या. साऱ्या हॉलला तिचा आवाज मिळाला होता. ज्याने तीन वर्षं त्याची वाट पाहिली, फक्त त्याच्यापर्यंत तो आला नाही.

बाहेर बसथांब्यावर प्रज्ञा धापा टाकत आली. "मॅडम चांगलं झालं म्हणाल्या! अहो, कसा होता माहा आवाज?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिचे ओठ त्याने वाचले होतेच. पण आज त्याला ते जमेना.

"मले ऐकू आलाच नाई," तो म्हणाला. "लय दिवस झाले, प्रज्ञा. मले आता काईच ऐकू येत नाई."

रंभाबाई थांब्याच्या बाकावर बसल्या होत्या. थांब्यावर ऑफिस सुटल्याची गर्दी होती, रिक्षावाले गिऱ्हाईक ओढत होते. प्रज्ञाने पुस्तकांची पिशवी सासूच्या मांडीवर ठेवली, धम्मरत्नचं डोकं दोन्ही हातांनी धरून वळवलं आणि त्याच्या कानाला तोंड लावलं.

"नामदार कोर्ट!" ती ओरडली. "या मानसाचं बोट मशीनमधी गेलं!"

लोक थांबून बघू लागले. त्यांची बस आली आणि निघून गेली. प्रज्ञाने सगळा खटला आपल्या बोलीत पहिल्यापासून चालवला, गळ्याच्या शिरा ताणून, एकही मुद्दा न गाळता. तिसऱ्या वाक्याला धम्मरत्नने डोळे मिटले. आवाज गच्चीवरचा नव्हता. जरा जाड झाला होता, मधेच फाटत होता, आणि तो येत होता.