बाटली भरलेलीच परत यायची

नात पहिलीत गेली तेव्हा गावात जो भेटेल तो एकच विचारायचा, "काय, लिहायला लागली का?" मला त्याचं काही पडलं नव्हतं. लिहायला लवकर-उशिरा सगळेच लागतात. मी चौथीपर्यंतच शिकले, तरी लागले. माझं लक्ष तिच्या पाण्याच्या बाटलीवर होतं. सकाळी मी ती काठोकाठ भरून द्यायचे आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली परत यायची.

दारात पोचली की पोरगी दप्तर ओट्यावर फेकायची आणि चपला न काढता घरामागच्या संडासाकडे धावायची. बाहेर आली की तांब्याभर पाणी उभ्याने प्यायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं. आठवडाभर तेच चाललं तेव्हा हसू गेलं.

आमच्या घरात दिवसा मी आणि ती, दोघीच. सून कुंभिवलीच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते, कंपनीची बस तिला नाक्यावरून उचलते. मुलगा टेंपो चालवतो, तो कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच होती. पोरगी खेळता खेळता घरी यायची, पाणी प्यायची, लघवीला जाऊन परत पळायची. त्यामुळे तेव्हा काही कळलंच नाही. शाळा मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईवाल्यांच्या बंगल्यांची भिंत संपते तिथे. तिथून धावत घरी येता येत नाही.

ही शाळाही सुनेच्या मनात नव्हती. तिला पोरीला कर्जतला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. व्हॅनवाल्याला विचारूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, एवढीशी पोर, भल्या पहाटे उठवून त्या व्हॅनमध्ये कोंबायची, मेथीच्या जुड्या कोंबतात तशी. सून म्हणाली, "आई, तुमाला दिवसभर कुणीतरी बोलायला हवं म्हणून तुमी तिला सोडत नाय." ते खरं होतं. शेवटी मुलाने तोड काढली. दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत बघायचं, पोरगी रुळली तर ठीक, नाही तर व्हॅन.

म्हणजे माझ्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता आणि बाटली भरलेली परत येत होती.

भातलावणीच्या दिवसांत पोरीला ताप आला. लघवी करताना रडायला लागली. सुनेने खाडा करून तिला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की पोरगी दिवसभर पाणी पीत नाही आणि लघवी धरून ठेवते. औषध दिलं आणि पाणी पाजा म्हणाले. घरी आल्यावर सून चूल-भांडी काही न करता खाटेवर बसली.

"दिवाळी कशाला? मी आत्ताच काढते तिला," ती म्हणाली. "त्या शाळेत संडास घाण असणार. दुसरं काय?"

"बघून येते," मी म्हटलं.

पोरगी बरी होऊन शाळेत जायला लागली त्याच दिवशी मी मागून गेले. गुडघे दुखतात, पण घरी बसून तांदूळ निवडताना हात चालत नव्हते. निवडलेल्या तांदळात खडे आणि बाजूला काढलेल्या खड्यांत तांदूळ, अशी गत. गेले आणि वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले.

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसते. दुसरीची पोरं गणितं करत होती. पहिलीच्या पोरांपुढे चिंचोके होते आणि ती ते मोजून पुन्हा विस्कटत होती. एक पोरगा बसायच्या पट्टीवर आडवा होऊन झोपला होता. एकीचा दात पडला होता, तो हरवला म्हणून ती रडत होती आणि बाई गुडघ्यावर बसून पट्टीखाली दात शोधत होत्या. मधूनच कुणी उठायचा, करंगळी वर करायचा, बाई मान हलवायच्या, तो पळायचा. आमच्या वेळेसही करंगळीच होती. माझी नात भिंतीला टेकून बसली होती. बाटली मांडीत. झाकण बंद.

बाईंनी मला पाहिलं आणि बाहेर आल्या. तरुण आहेत, पण बोलायला सरळ.

"आजी, तुम्ही खिडकीत उभ्या राहिलात की ती बाहेरच बघते. मग मी काय शिकवू?"

"ती पाणी पीत नाय, बाई. लघवीला जात नाय. आजारी पडली."

"मला माहीत आहे. मी रोज विचारते, जायचं का? ती नको म्हणते. उचलून तर नेऊ शकत नाही ना."

मी म्हटलं, मला संडास दाखवा. त्यांनी दाखवला. मला वाटलं होतं दार मोडकं असेल, कडी नसेल, आत पाय ठेववणार नाही. तसं काही नव्हतं. बादली भरलेली, प्लॅस्टिकचा मग पालथा घातलेला, कडी आतून नीट लागत होती. मी लावून बघितली. खरं सांगायचं तर मला राग आला. घाण असता तर भांडून मोकळी झाले असते. आता भांडायचं कुणाशी?

शाळेत खिचडी शिजवणारी आमच्याच आळीतली आहे. तिला विचारलं, मोठी पोरं दाराशी त्रास देतात का, हसतात का? ती डाव धुवत होती.

"कुणी काय करत नाय, काकी. तुमची नातच शहाणी हाय. जेवल्यावर सगळी पोरं नळाला तोंड लावतात, ही नुसती चूळ भरते नि थुंकते. जशी काय एकादशी धरलीय."

त्या दिवसापासून मी पोरीला दम भरला. बाटली रिकामी आली पाहिजे, नाही तर संध्याकाळी टीव्ही बंद. दुसऱ्या दिवशी बाटली रिकामी आली. तिसऱ्या दिवशीही. मी सुनेला रात्री ती उलटी करून दाखवली. सुनेने व्हॅनवाल्याचं नाव काढलं नाही. दोन घास बरे गेले.

मग खिचडीवाली चक्कीवर भेटली. "काकी, तुमच्या नातीने शाळेतलं जांभळाचं रोप वाढवलं हां. रोज बाटलीभर पाणी घालते बघा त्याला."

पीठ तसंच चक्कीवर ठेवून मी घरी आले. पोरगी यायला अजून वेळ होता. मी ओट्यावर बसले, उठले, नाक्यापर्यंत गेले, परत आले. शेजारीण म्हणाली, "काय गं, काय हरवलं का?" मी तिच्याकडे बघितलंही नाही.

पोरगी आली, धावली, पाणी प्यायली. मी तिला ओरडले नाही. ओरडून झालं होतं, त्याचा उपयोग जांभळाला झाला होता. तिला समोर बसवलं, सुपात तांदूळ घेतले आणि तिलाही निवडायला लावलं. हात गुंतले की पोर बोलतं.

"शाळेत पाणी का पीत नायस गं?"

"बाहेर गेल्यावर पाणी प्यायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी कधी?"

"खालापूरला हळदीला गेलो तेव्हा. मी सरबत मागितलं तर तू म्हणालीस, नको पिऊ, इथं कुठं जाशील? आणि तू पण नाय पीत. कर्जतला बाजारात नाय पीत, दवाखान्यात नाय पीत. घरी आल्यावर पितेस."



ती बोलत होती ते खोटं नव्हतं. मी बाहेर पाणी पीत नाही. माझी आई पीत नव्हती. पूर्वी आम्ही बायका लग्नाला टेंपोतून जायचो तेव्हा सकाळपासून कुणी घोट घेत नसे. रस्त्यात गाडी कोण थांबवणार, आणि थांबवली तरी बसायचं कुठे? हे कुणी कुणाला शिकवलं नाही. बाहेर जायचं म्हणजे केस विंचरायचे, लुगडं नीट करायचं आणि पाणी प्यायचं नाही, इतकं ते साधं होतं. पोरीने ते उचललं. शाळेतली मुळाक्षरं ती अजून उचलत नव्हती, हे बरोबर उचललं.

"अगं, शाळा म्हणजे बाहेर नाय," मी म्हटलं.

"मग घर हाय का?"

मी सुपातले तांदूळ पाखडायला घेतले.

रात्री सून आली, तिला सांगितलं. मला वाटलं ती आता मलाच बोलणार आणि सकाळी व्हॅन दारात उभी करणार. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"मी पण कंपनीत पीत नाय," ती म्हणाली. "लाइन सोडायची म्हणजे सुपरवायझरला विचारावं लागतं. तो घड्याळ बघतो."

"मग काय करतेस?"

"काय करणार? घरी येते नि जाते." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पण त्याने पोरीचं दुखणं जात नाय, आई. गणपती गेले की पालकसभा हाय. तोवर बघते. नंतर व्हॅन."

दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, थोडं हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांच्या टेबलावर त्यांची बाटली होती. तीही काठोकाठ भरलेली होती.

नंतरचे दिवस मला वाईट गेले. पोरीला सांगून उपयोग नव्हता, ते कळलं होतं. मी सांगायचे पी, ती मान हलवायची, आणि मी बाजाराला निघाले की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा तिच्या देखत कर्जतला पाणी प्यायचं ठरवलं. बाटली विकत घेतली, झाकण उघडलं, आणि प्यायले नाही. या वयात मला लघवी धरवत नाही, स्टँडवर कुठे शोधत फिरू? झाकण लावून पिशवीत टाकली. पोरीने पाहिलं. आम्ही दोघी बाटली घेऊन घरी आलो.

पालकसभेला सून रजा टाकून आली. आम्ही सगळे पोरांच्या पट्ट्यांवर बसलो, पोरं आमच्या बाजूला. एक बाप वही वर धरून म्हणाला, "बाई, तीन महिने झाले, वही कोरी हाय. आमचा पोरगा घरी येऊन नुसता चिंचोके मागतो." दुसरी म्हणाली, "इंग्लिश कधी सुरू करणार? माझ्या बहिणीची पोरगी कर्जतला पोएम म्हणते."

बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पहिलीत पोरगं आधी बसायला शिकतं. मग ऐकायला. मग आपल्याला काय हवंय, काय दुखतंय, ते तोंडाने सांगायला. एवढं जमलं की अक्षरं येतात, वहीही भरते. तुम्ही वही बघता, मी पोराकडे बघते."

"पण परीक्षेत काय लिहील?" बाप म्हणाला. सुनेनेही मान डोलावली, बापाच्या बाजूने. तिची पर्स मांडीवर होती आणि व्हॅनवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये. पोरगी आमच्या दोघींच्या मधे बसून माझ्याकडे बघत होती. बाटली तिच्या मांडीत.

मी ती बाटली घेतली. झाकण काढलं आणि प्यायले. माणसं बोलत होती, मी पीत होते. सकाळपासून सवयीने कोरडी होते, पाणी चटकन उतरलं. अर्ध्याच्या वर संपवली आणि पोरीच्या हातात दिली. नंतर सभा चालूच राहिली, गणवेशाचं झालं, शिक्षक बदलीचं झालं, आणि मला लागली. लागणारच होती.

मी हात वर केला. बाईंना वाटलं प्रश्न आहे.

"बोला, आजी."

मी बाकीची बोटं मिटली आणि करंगळी ठेवली.

आधी पोरं हसली, मग बाया. वहीवाला बाप म्हणाला, "आजी पहिलीत बसल्या." मी म्हटलं, "हो, तुझी वही कोरी हाय, माझी भरत आली. जाऊ दे मला, बाई." बाईंनी मान हलवली, पोरांना हलवतात तशीच.

उठताना गुडघा आखडला. नात उठली आणि माझा हात धरून मला घेऊन गेली. वाट मला माहीत होती, तरी तिने दाखवली. बादली कुठे, मग कुठे, कडी कशी वर ढकलून लावायची, सगळं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी आत गेले, ती दाराबाहेर राखण करत उभी राहिली.

"आजी, झालं का?"

"थांब की. म्हातारीला वेळ लागतो."

"लवकर कर ना गं. मला पण लागलीय."

बाहेर चपलांचा आवाज आला, मग सुनेचा. "तुझ्यानंतर मी," ती लेकीला म्हणाली.

परतताना सुनेने मोबाइल काढला, व्हॅनवाल्याला सांगितलं की सीट दुसऱ्या कुणाला द्यायची तर द्या. मला विचारलं नाही. बंगल्यांच्या भिंतीपाशी ऊन तापलं होतं. मला पुन्हा तहान लागली, मी पोरीकडे बाटली मागितली. तिने हलवून दाखवली. रिकामी होती.

"झाडाला घातलंस?"

"नाय गं," ती म्हणाली. "प्याले."