हॉल भरून देणारी बाई

दाराची एक फळी थोडीशी ढकलायची, तेवढ्या फटीतून फक्त डोकं आत घालायचं, हॉलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायची आणि डोकं बाहेर काढून म्हणायचं, "उजाड हाये, भाऊ." विद्यापीठातल्या कुठल्याही व्याख्यानाची सुरुवात माझ्यासाठी दीपप्रज्वलनानं नाही, या वाक्यानं व्हायची. मग ती पदर खोचायची, "थांबा, आणतो मी" म्हणायची आणि मुलींच्या होस्टेलकडे चालू लागायची. आमच्या विदर्भातल्या बायका 'आणतो', 'जातो' असंच म्हणतात. ती जन्मली इथे रायपुरात, वाढली इथल्याच गुढियारी वस्तीत, पण आईची बोली तिनं सोडली नव्हती.

मी फोटोग्राफर. समता कॉलनीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नांचा हंगाम संपला की विद्यापीठाचे कार्यक्रम मला तगवतात. व्याख्यानं, चर्चासत्रं, वार्षिकोत्सव, कोणाची तरी जयंती. तुम्हीही अशा ठिकाणी कधीतरी बसला असाल. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचा परिचय, त्या परिचयाहून लांब प्रास्ताविक, आणि समोर ऐकायला कुत्रं नाही. मला आयोजकांची सूचना एकच असायची, "हॉल भरा हुआ दिखना चाहिए." वक्ता काय बोलला हे पुढे कोणी विचारत नाही, अहवालात फोटो लागतो. तेव्हा मी आणि ती, आम्ही दोघांनी मिळून त्या विद्यापीठाची अब्रू बरीच वर्षं झाकून ठेवली, असं म्हटलं तर चालेल.

ती समाजशास्त्र विभागात अतिथी व्याख्याती होती. म्हणायचं अतिथी आणि राबवायचं घरच्या सुनेसारखं. दर सत्राला नव्यानं अर्ज, नव्यानं नेमणूक. तिच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. चर्चासत्र भरवण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्रिकेवर सरांचं नाव ठळक अक्षरांत, तिचं कुठेच नाही. पण कुलगुरूंच्या कार्यालयातून फोन आला की सर हसून सांगायचे, "मैडम हैं न, भीड़ की चिंता मत कीजिए."

मुलींना तिनं हजेरीची भीती कधी घातली नाही. होस्टेलच्या मेसमध्ये उभं राहून ती म्हणायची, "चलो बेटा, एसी चालू है, समोसा भी है."

"मैम, टॉपिक क्या है?"

"टॉपिक वो बताएँगे. तू चल."

एकदा उपनिषदांवर व्याख्यान होतं आणि होस्टेल सुट्टीमुळे ओस पडलेलं. हिनं मैदानातून खो-खोचा अख्खा संघ उचलून आणला, गुडघ्यांवरच्या मातीसकट. त्यातली एक धिप्पाड पोरगी पहिल्याच रांगेत बसल्या बसल्या झोपली. वक्ते गहिवरून म्हणाले, "देखिए, यह बिटिया तो ध्यान में उतर गई." मी कॅमेऱ्याआड तोंड लपवलं. ती दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला.

मुली कमीच पडल्या तर ती मागच्या रांगांतल्या खुर्च्या उचलून भिंतीशी रचून ठेवायची. "माणसं वाढवता येत नाई न भाऊ, खुर्च्या तं कमी करता येतात." मी मदतीला गेलो की हाकलायची. "तुमी तुमचा कोपरा धरा. तिकडून काढा, भरगच्च दिसते."

सगळ्या खुर्च्या उचलल्या तरी दाराजवळची एक ती ठेवायची. ती तिची. कार्यक्रम सुरू झाला की त्या खुर्चीवर बसून ऐकायची. मी भिंगातून माणसं पाहणारा, मला कळतं कोण ऐकतंय आणि कोण तोंड त्या बाजूला ठेवून बसलंय. सर मोबाईल पाहत, पाहुणे घड्याळ पाहत, मुली एकमेकींकडे पाहत. जीव लावून ऐकणारी हीच एकटी. कितीतरी वक्ते पुढच्या रांगा सोडून हळूहळू त्या शेवटच्या खुर्चीकडे पाहून बोलायला लागत. त्यांना ती कोण हे माहीत नसायचं.

एकदा चहा पिताना तिनं मला तिच्या मनातलं सांगितलं. तिचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. लग्न करून भंडाऱ्याकडून आलेली तिची आई, आणि तशाच आलेल्या शेजारच्या बायका. दळताना, पाळण्याशी, बुद्धविहारात, जयंतीच्या मिरवणुकीत त्या गात आल्या. गाणी माहेरची, पण वर्षं गेली तसे त्यांत छत्तीसगढी शब्द येऊन बसले, इथला तलाव आला, इथली भाजी आली. तिनं घरोघर फिरून ती गाणी मोबाईलवर घेतली होती, आणि त्यावर एक व्याख्यान तयार केलं होतं.

"मग छापून का नाही टाकत, ताई?" मी विचारलं.

"छापून काय करू? मायले वाचता येत नाई. तिच्यासमोर बोलाचं हाये मले, भरलेल्या हॉलात. तिले दिसलं पायजे, का तिचं गाणं ऐकाले एवढे लोकं येऊन बसले."

तिला हवं होतं ते एवढंच. दर चर्चासत्राच्या वेळी ती सरांना विचारायची आणि सर म्हणायचे, "अगली बार पक्का." ते अगली बार कधी उजाडलंच नसतं, पण एका वर्षी पत्रिका छापायला जाता जाता बाहेरचा कोणी वक्ता गळला आणि पत्रिकेत तिचं नाव छापून आलं. दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र, दुसरा दिवस, जेवणानंतरची वेळ. जेवणानंतरची वेळ कोणाला देतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ती मात्र मला पत्रिका दाखवताना लाजली होती.

त्या दिवशी ती आईला घेऊन आली. पांढरी साडी, निळा काठ, कानात ऐकण्याचं मशीन. आईला तिनं पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, मला म्हणाली, "भाऊ, मायचा एक फोटो घ्या," आणि स्वतः मंचावर जाऊन बसली. हॉलमध्ये आई, मी, माईकवाला, आणि दोन प्राध्यापक ढेकर देत. बाकी शुकशुकाट. होणारच. हॉल भरणारं माणूस मंचावर बसलं होतं, मग हॉल भरणार कोण?

सर आले, हॉल पाहिला, आणि मंचाशी वाकून म्हणाले, "मैडम, आप ही जरा लड़कियों को ले आइए न. आपके बिना कोई आता नहीं."

मी आजवर पुष्कळ निर्लज्ज माणसं फोटोत बसवली आहेत, पण असं वाक्य इतक्या सहज बोललेलं ऐकलं नव्हतं. ती उठली. मी दारात आडवा झालो. "ताई, जाऊ नका. आहेत तेवढ्यांसमोर बोला."

"मायले रिकामा हॉल दाखवू का?" ती म्हणाली. पदर खोचला आणि उन्हात होस्टेलकडे निघाली.

ती गेली आणि इकडे समारोपाचे प्रमुख पाहुणे आले. वेळेच्या बरेच आधी. त्यांना शंकर नगरात आणखी एका उद्घाटनाला जायचं होतं. धावपळ उडाली. बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक तिच्या आईला म्हणाला, "अम्मा, ये वीआईपी सीट है, पीछे आइए," आणि हाताला धरून तिला मागे नेऊन बसवलं. पाहुणे बसले. सरांनी माईक घेतला. "समयाभाव के कारण शेष सभी शोधपत्र पढ़े हुए माने जाएँ."

अशी पद्धत आहे. न वाचलेलं वाचलं असं धरायचं, टाळ्या वाजवायच्या आणि पुढे जायचं. शेष शोधपत्र एकच होतं.

नेमकी तेव्हा ती दारात पोचली. घामानं डबडबलेली, आणि मागे मुलीच मुली. होस्टेल रिकामं करून आणलं असावं तिनं. मुली भराभर बसल्या. रांगा भरल्या, भिंतीशी रचलेल्या खुर्च्या काढाव्या लागल्या. पाहुणे खूश. एवढा भरलेला हॉल मी त्या विद्यापीठात त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

पाहुणे बोलून निघाले, तेव्हा सरांना अहवाल आठवला. "अरे, मैडम का एक फोटो ले लो माइक पर." ती मंचावर गेली, माईकमागे उभी राहिली. कागद तिनं सोडले होते तिथेच होते. माईकवाल्यानं आवाज बंद केला होता, वायर गुंडाळायला घेतली होती. मुली समोशाच्या आशेनं अजून बसून होत्या.

"मैडम, बोलते हुए," सर म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. कॅमेरा सरांच्या टाळक्यात घालावासा वाटला मला. फोटो काढला. तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता आणि तोंड तेवढं उघडं होतं.

बाहेर पायऱ्यांशी तिची आई वाट पाहत उभी होती. मी बॅग आवरत मागेच होतो.

"झालं का वं तुहं?" आईनं विचारलं.

"झालं, माय."

"मले काई ऐकू नाई आलं. मशीन नुसती शिट्टी मारून राह्यली. पण पोट्ट्या किती होत्या! साऱ्या तुह्याकडंच पाहून राह्यल्या होत्या."

"हव, माय."

आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलू नका, असं ते पाहणं होतं. मी पुढे होऊन त्यांच्यासाठी ऑटो थांबवला.

पुढे अहवाल छापून आला. तिनं फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आला, भाऊ. भरलेला दिसते." शोधपत्र सादर केल्याचं प्रमाणपत्रही मिळालं तिला, सरांच्या सहीचं. नवं सत्र लागलं तेव्हा नेमणुकीत तिचं नाव नव्हतं. जागा कमी झाल्या म्हणे. सरांनीच तसं सांगितलं, आणि आवाजात दुःखही आणलं. ती गुढियारीत मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. तिच्यामागे हॉल उजाड राहू लागले. तेव्हा सरांनी मला सांगितलं, "भैया, जरा क्लोज़अप ज्यादा लो."

मागच्या हिवाळ्यात ती मला पुन्हा दिसली. लोकगीतांवर बाहेरगावच्या कोणा विदुषीचं व्याख्यान होतं. फलक वाचून आली असावी. केस पांढरे झालेले. दाराजवळच्या त्याच खुर्चीवर येऊन बसली. मी जाऊन आईची चौकशी केली.

"माय गेली, भाऊ. शेवटपर्यंत साऱ्या पाऱ्यात, वस्तीभर सांगत फिरली, का आपल्या पोट्टीनं मोठं भाषण केलं." ती हसली. मला हसता आलं नाही.

व्याख्यान सुरू झालं. ती पुढे झुकून ऐकू लागली, पूर्वीसारखीच. थोड्या वेळानं बिल्ला लावलेली एक नवी मुलगी वाकून तिला म्हणाली, "आंटी, प्लीज आगे बैठ जाइए न. फोटो में खाली दिख रहा है."

तिनं त्या मुलीकडे पाहिलं. मग पुढच्या रिकाम्या रांगांकडे. उठली, खुर्ची आवाज न करता सरळ केली आणि दाराबाहेर गेली. मी कॅमेरा तसाच गळ्यात घेऊन तिच्यामागे गेलो. बाहेर ती वळली. दाराची फळी थोडीशी ढकलली, डोकं आत घातलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"उजाड हाये, भाऊ," ती म्हणाली.

मी सवयीनं थांबलो. ती पायऱ्या उतरली. होस्टेलचा रस्ता डावीकडे जातो. ती उजवीकडे वळली, फाटकाकडे.