सात नंबरची साखर

मांडीचं हाड मोडून मी कोट्टयमच्या एका मिशन इस्पितळात पडले होते, तेव्हा एलीकुट्टीची आणि माझी ओळख झाली. ओळख कसली, तिने माझ्या तोंडात साखर ओतली.

आधी ती कोण ते सांगते. इस्पितळाच्याच नर्सिंग कॉलेजात शिकवणारी मिस. कडक सुती साडी, वर पांढरा कोट, आणि डाव्या तळहातावर बॉलपेनाने लिहिलेले रोग्यांचे ताप. लग्नातसुद्धा तिच्या हातावर कुणाचा तरी ताप होता म्हणे. अंगठी घालताना नवऱ्याने वाचला. तो पुढे कुवेतला गेला, मुलं कॅनडाला. ही पलंगांच्या मधेच राहिली.

त्या वर्षी कॉलेजने पोरींच्या हातात टॅब दिले. त्यात खऱ्या रोग्यांच्या नोंदी होत्या, आणि सरावासाठी खोटे रोगीही. पोरींना परकं वाटू नये म्हणून कुणा शहाण्याने खोटा वॉर्ड हुबेहूब आमच्यासारखा केला. तेच पलंग, तेच नंबर. चुकून बोट लागलं की माणूस खऱ्यातून खोट्यात. एलीकुट्टीचं बोट सारखं लागायचं. प्राचार्य मदरनी तिला बजावलं होतं, "मी स्वतः बघायला येणार. टॅबवर शिकवता आलं नाही, तर उद्यापासून पुतळ्यांच्या खोलीत." तिथे रबरी पुतळ्यांना सुया टोचतात. जिवंत माणूस फिरकत नाही.

मदर आल्या त्या सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं. इन्सुलिन टोचून झालं होतं आणि समोरचा नाश्त्याचा पुट्टू, तांदळाच्या पिठाचा, भुशासारखा कोरडा, तो मी ढकलून दिला होता. सगळ्या पोरी टॅब धरलेल्या जिन्सी नावाच्या विद्यार्थिनीभोवती उभ्या. एलीकुट्टीने टॅबवर बोट ठेवलं आणि किंचाळली, "सात नंबर! साखर अडतीस!"

सात नंबर मी. जन्मभर शिकवलं म्हणून तिथे सगळ्या मला टीचरच म्हणायच्या.

"टीचर, तोंड उघडा!"

"काय म्हणून? मला काही झालेलं नाही!"

"बघा पोरींनो, साखर उतरली की रोगी असाच चिडतो."

"मी जन्मापासून अशीच आहे, बाई! चाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंय, मला..."

"असंबद्ध बोलतो," एलीकुट्टी म्हणाली आणि साखरेचं पाणी ओतलं. मी हात झटकला. "हात थरथरतात. बघितलंत?"

"मिस," जिन्सी रडकुंडीला आली, "ती आतली सात नंबर. सरावाची."

एलीकुट्टी टॅबकडे बघे, माझ्याकडे बघे, पुन्हा टॅबकडे. माझ्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"मग ही कोण?" ती म्हणाली.

मदरनी डोळे मिटून घेतले. मग बोट टोचून साखर मोजायला लावली. ठीक निघाली. निघणारच, पेलाभर साखर पोटात गेल्यावर! पण आधी किती होती? ते आता कोण सांगणार?

मदर माझ्याजवळ बसल्या. "टीचर, तुम्हाला विनाकारण त्रास झाला एवढंच सांगा. पुढचं मी बघते."

पुढचं म्हणजे पुतळे. एलीकुट्टी तळहाताकडे बघत उभी होती.

खरं सांगू? हात थरथरले होते. रागाने की उपाशीपोटी, मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. खोट्या बाईचा आकडा बघून ती खऱ्या बाईकडे धावली, आणि कदाचित वेळेवर धावली. कदाचित नुसतीच धावली.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "माहीत नाही तर विनाकारण कसं म्हणू?"

"म्हणजे तिचं बरोबर होतं?"

"तेही म्हणत नाही."

मदरनी कपाळ चोळलं. "जिन्सी, ते नंबर बदलायला सांग. मिस, टॅब पोरींच्या हातात राहू द्या. तुम्ही उद्या या. परवाचं परवा बघू."

दुसऱ्या दिवशी एलीकुट्टी आली ती सुई पुढे करूनच. "आधी बोट, टीचर. मग बोला."

"अहो, माणसाला उठून तोंड तरी धुवू द्याल की नाही? काही लाज?" मी कडाडले.

तिने आकडा वाचला, तळहातावर लिहिला आणि जिन्सीकडे वळली.

"साखर ठीक आहे. आज नुसता स्वभाव."