जास्तीचं ‘बस’

माझ्या भाचीला शेडमध्ये सगळे भोंगा म्हणतात. ती ग्राइंडिंग मशीनवर असते. मशिनं चालू असताना बाकीच्यांना हातवारे करावे लागतात, हिची हाक तशीच दुसऱ्या टोकाला पोहोचते. अशा पोरीची आई बहिरी आहे.

आई म्हणजे माझी थोरली बहीण. याच शेडमध्ये पत्रा ठोकायच्या मशीनपाशी तिचं आयुष्य गेलं. कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दाराची कडी, शेवटी पोरीचा आवाज. आता ती ओठ वाचते, आणि चांगलं वाचते. तिच्यासमोर कुजबुजून काही फायदा नाही.

भोंगा गाणी जुळवते, चालही तीच लावते. एक गाणं तिने आईवर केलं. ही बाई जेवतानाही अर्धी उठलेली असते, तिला बसवायचं गाणं. “बस ना आई, बस जराशी, भांडी कुठं पळतात?” प्रत्येक कडव्यात बस. समोर बसून म्हणून दाखवलं, तर आईने पहिल्या ओळी पाहिल्या आणि भाजी करपेल म्हणून उठली.

“मामा, व्हिडिओच करायचा,” भोंगा म्हणाली. “ती उठली तरी तो कुठं जाणार नाही. आणि तिचे कान जिथं गेले तिथंच उभी राहून म्हणणार. एकदा तरी माझं गाणं तिच्यापर्यंत सबंध पोचू दे.”

अट एकच होती. चेहरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसायला हवा. मध्ये तोडायचं नाही. चित्र बदललं की आईचा धागा सुटतो.

खिशात काही नव्हतं. कोपऱ्यावर पासपोर्ट फोटो काढणारी तिची मैत्रीण स्वतःचा मोबाइल घेऊन आली. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत शेड उघडून द्यायला वॉचमन तयार झाला. पण फरशी उखडलेली. फोटोवाली उलट्या पावलांनी चालली की चित्र हलायचं आणि ओठ पुसट व्हायचे.

मी वर पाहिलं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्डर आहे. त्यावर ओझं उचलून पुढे सरकवायची चेनपुलीची ट्रॉली. निवृत्त होईपर्यंत ती चेन मी ओढली आहे. पुलीला पट्ट्यांनी फळी टांगली, फळीवर फोटोवालीला भोंग्याकडे तोंड करून बसवलं आणि भोंग्याच्या तोंडासमोर मोबाइल येईल इतकी उचलली. मी बाजूने चालत चेन ओढायची, ट्रॉली सरकणार, भोंगा फळीमागून गात येणार. खाली एका बाजूला पत्र्यांची थप्पी होती, कडा उघड्या. ती हलवायला क्रेन लागते. हलवता आली नाही.

“मामा, जिवंत उतरले तर तुमचा पासपोर्ट फोटो फुकट,” फोटोवाली म्हणाली.

“मला जायचंय कुठं? पाय आत घे.”

“चल,” भोंगा म्हणाली. मी ओढू लागलो. चेन ओढणाऱ्याची नजर वर असते, ट्रॉलीच्या चाकांवर. खालचं तो कानांनी बघतो. ओझ्याकडे पाहणारा माणूस दोनच शब्द बोलतो, चल आणि बस. बस ऐकलं की हात थांबले पाहिजेत. का, ते नंतर विचारायचं. कुणाची तरी बोटं मध्ये असतात.

भोंग्याने गाणं सुरू केलं. “बस ना आई...”

माझे हात थांबले. फळी झोका खाऊन थप्पीकडे गेली. फोटोवालीने किंचाळून पट्टा धरला. मोबाइल तिच्या मांडीवर पडला.

“मामा! ते गाण्यातलं बस होतं!”

“हाताला काय कळतंय ते?”

फोटोवालीचा चेहरा पांढरा पडला होता. “शब्द बदल ना बाई. थांब म्हण.”

“थांब म्हटल्यावर मामा काय नाचणार आहेत?”

भोंगा म्हणाली, मग मामांनी कानात कापूस घालावा. मी चेन सोडून दिली. वर माणूस बसलाय आणि मी कान बंद करून ओढू? त्या दिवशीच काय, कधीच नाही. ती रडवेली झाली. वर काचेतून येणारं ऊन तिच्या जागेवरून सरकत चाललं होतं. वॉचमन दारात किल्ल्या वाजवत होता.

“बस ठेव,” मी म्हणालो. “तू बस म्हणशील तिथं मी थांबणार. तूही थांब. ऊर भरून घेतलास की मला श्वास ऐकू येईल, मी आधीच हात हलका करीन. झोका बसणार नाही. थांबायचं, पुन्हा चालायचं. तुझी आई तशीच चालते, गुडघ्यामुळं.”

फोटोवालीने डोळे मिटून मान हलवली. “एकदाच. नंतर मी उतरणार.”

पुन्हा सुरू केलं. पहिलं बस आलं. फळी जागच्या जागी राहिली. दुसरं आलं. माझे दंड भरून आले होते. सावकाश ओढायला जोरात ओढण्यापेक्षा जास्त ताकद लागते, हे न ओढणाऱ्याला पटत नाही. थप्पीच्या शेजारी आलो. शेवटचं कडवं राहिलं होतं.

“बस!”

ऊर भरला नव्हता. ओळ संपली नव्हती. हात थांबले, नजर खाली आली. फळीच्या पुढच्या कोपऱ्यावरून पट्टा सरकत होता. बोटभर लाकूड उरलं होतं. फोटोवालीची पाठ तिकडे, तिला पत्ता नाही. मी चेन सोडली आणि कोपऱ्याखाली खांदा घातला. पट्टा सुटला. कोपऱ्याचा सगळा भार माझ्यावर आला. फळी हलली नाही.

भोंग्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचे डोळे चित्रातून गेले असते. तिने त्याच श्वासात शेवटचं कडवं उचललं. माझ्या घशातून आवाज निघू नये म्हणून मी दात आवळले. आधाराला गुडघा थप्पीला टेकवला. पत्र्याची कडा पॅन्टमधून आत गेली. कडवं संपलं. तिने ओठ मिटले आणि तशीच उभी राहिली. मग पळत आली आणि फळी धरली.

“उतर,” ती मैत्रिणीला म्हणाली. “काही विचारू नको. उतर.”

संध्याकाळी ताईच्या घरी गेलो. फोटोवालीकडून आणलेला मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. ताई ओट्यापाशी उभी राहून बघू लागली, हातात फडकं. पहिलं बस झालं. दुसरं झालं. तिचे ओठ पोरीच्या ओठांबरोबर हलत होते. भोंगा भिंतीला टेकून नखं खात होती.

शेवटच्या कडव्याआधी ताईने फडकं टाकलं. चित्र मागे घेऊन तेवढंच पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

“हे बस गाण्यातलं नाही. हे शेडमधलं आहे. काय सुटलं होतं?”

भोंग्याने तोंडातलं नख काढलं. मी म्हणालो, “पट्टा.”

“कुणाला लागलं?”

“नाही.”

“मग लंगडतोस कशाला?” तिने स्टूल ओढून माझ्याकडे ढकललं. दुसरं स्वतःला घेतलं. “पुन्हा पहिल्यापासून लाव गं,” ती पोरीला म्हणाली, आणि बसली.